बाभळीचा काटा

आमच्या तांबट आळीत तांबं उजळणं म्हणजे
चिंचेचा कोळ, मीठ, वरून राखेचा हात
आणि मनगटात दम.
बापाने घासलेला बंब असा लखलखायचा
की गिऱ्हाईक आधी त्यात बघून भांग पाडायचं,
मग भाव करायचं.

तेच हात घेऊन मी पहिली शिवराई घासली.
एकोणीस वर्षांचा होतो. बुधवारी जुन्या बाजारात
गंजक्या कुलपांच्या ढिगातून पाच रुपयांना उचललेली.
तासाभरात लालबुंद झाली,
आणि 'श्री राजा शिव' मधला 'राजा'
चिंचेबरोबर मोरीतून गेला.

फिदाहुसेनशेठनी भिंग लावलं, लगेच खाली ठेवलं.
"आंघोळ घातलीस?
अरे, मळ वेगळा आणि कातडी वेगळी.
तू कातडी सोललीस.
आता कुठे चालली तर खर्च करून टाक."

त्यानंतर शिकलो. म्हणजे हात आवरायला शिकलो.
तपकिरी, काळपट, गर्द हिरवं, घट्ट बसलेलं
ते तसंच राहू द्यायचं,
तो धातूने स्वतःच ओढून घेतलेला पदर.
पण पिठासारखी फिकट हिरवी भुकटी
नखाने उडाली, की समजायचं
आत कुणीतरी जेवतंय.

परवाच्या उन्हाळ्यात खडकीहून सिंधू कोंढरे आल्या.
सासऱ्यांचं पदक, ब्रह्मदेशच्या लढाईतलं,
डब्यात, डब्याला रबर, रबराला गाठ.
"नातीच्या शाळेत दाखवायचंय. चकचकीत करून द्या."
चकचकीत होणार नाही म्हटलं. वाचेल.
पदकाच्या खाचाखाचांत कुंकू होतं.
दर दसऱ्याला पंचामृत, दर दसऱ्याला हळद,
ताक कळकावं तसं
पूजेनेच कळकलं होतं ते.

मग डिस्टिल्ड पाणी, काचेची वाटी, रोज बदल.
पहिल्या आठवड्यात पाणी हिरवट,
तिसऱ्यात नुसतं उदास,
पाचव्यात वाटीत पाणी आहे की नाही कळेना.
रोज रात्री भिंगाखाली बाभळीचा काटा.
सुई नाही. सुई धातूशी भांडते,
काटा आधी स्वतः मोडतो.
असे साठेक काटे मोडले.
बायको म्हणाली, एवढ्यात कुंपण झालं असतं.

सहाव्या आठवड्यात मागच्या बाजूने आकडे वर आले,
मग इंग्रजी अक्षरं, एकेक,
विहिरीतून कुणी चढून यावं तशी.
कोंढरे नव्हतं.
धोंडू ढमाले.

सिंधूबाईंना इंग्रजी येत नाही.
मी वरून मेणाचा जरा जाड हात दिला असता
तर मलाही आलं नसतं.
दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी
त्या समोर बसल्या आणि मी वाचून दाखवलं.

त्या पदकाकडे बघत राहिल्या, माझ्याकडे नाही.
"छातीला कधी लावलं नाही हो त्यांनी.
झेंडावंदनाला सगळे लावून यायचे, हे रिकामे.
आम्हाला वाटायचं, भिडस्त आहेत."
मग म्हणाल्या, "ते हिरवं पुन्हा येईल का?"
दमट जागी ठेवलंत तर येईल.
पाणी नको, दही नको, कुंकू तर नकोच.
फूल ठेवायचं तर कोरडं, आणि शेजारी.
"आणि नाव?"
नाव आता जाणार नाही.

बुटांच्या खोक्यातली ओल शोषणारी पुडी
मी डब्यात टाकली, रबर लावलं.
त्यांनी पुन्हा सोडलं.
पदक कडेने धरलं, मी दाखवलं होतं तसं,
बोटाचा घाम लागू न देता,
दुसऱ्याचं मूल धरतात तसं.
"मुळशीकडे ढमाले बरेच आहेत," म्हणाल्या.
मी म्हटलं, आहेत.

पैसे किती, विचारलं.
पाण्याचे दीडशे घेतले.